दरवाजाच्या खांबावरची पाटी : १९५९ सालच्या एका कॉर्व्हेटची विक्री, जप्ती आणि सुटका

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात राहणाऱ्या एका गृहस्थांनी २०१६ मध्ये इंडियाना राज्यातील एका विक्रेत्याकडून १९५९ सालची लाल रंगाची शेव्हरोले कॉर्व्हेट सुमारे ५०,००० डॉलर मोजून विकत घेतली. दोन आसनांची, कापडी टप मागे दुमडून ठेवता येणारी आणि पूर्वीच्या कुणीतरी मेहनतीने पूर्ववत केलेली अशी ही गाडी होती. तिची कागदपत्रे रीतसर होती आणि व्यवहारही उघडपणे झाला होता. २०१७ मध्ये आपल्या राज्यात नोंदणी करून घेण्यासाठी त्यांनी ती तपासणीला नेली आणि तेथेच राज्याच्या महामार्ग पोलिसांनी ती जप्त केली. गाडीची ओळखपाटी, म्हणजे कारखान्याने दिलेला तिचा क्रमांक असलेली पाटी, एकदा निघालेली असून पुन्हा बसवलेली आहे, एवढेच कारण त्यामागे होते. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा गाडीचे पुढे काय करायचे, याला एकच उत्तर होते, ते म्हणजे ती नष्ट करणे. गाडी मालकाच्या हाती परत पडायला २०२३ साल उजाडावे लागले.

पूर्ववत केलेली जुनी स्पोर्ट्स कार विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनीही हे प्रकरण बारकाईने पाहावे असे मला फार वाटते. गाडीवर केलेले चांगले, मन लावून केलेले कामच तिला बेकायदा ठरवू शकते, आणि त्या कामाची नोंद गाडीबरोबर दिली नाही तर त्याचा भार अखेरच्या खरेदीदाराच्या डोक्यावर येऊन पडतो, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच समोर आले असेल.

गाडी आणि तिचा क्रमांक

कॉर्व्हेट १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातील जनरल मोटर्सच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. त्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे जवळजवळ हातानेच जुळवलेल्या फक्त ३०० गाड्या निघाल्या, आणि त्या सगळ्या पांढऱ्या असून आतून लाल होत्या. पुढे उत्पादन मिसूरीतील सेंट लुइसला गेले. सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाने गाडीला स्पोर्ट्स कार म्हणवून घेण्याइतका जोर दिला नव्हता. तो १९५५ मध्ये व्ही-८ इंजिन आल्यावर आला, आणि झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याच्या हाताखाली गाडीला खरी धार चढली. १९५९ च्या गाडीत २८३ घनइंचांचे व्ही-८ इंजिन होते. साध्या इंजिनाची ताकद २३० अश्वशक्ती, तर इंधन फवारणाऱ्या सर्वांत जोरकस इंजिनाची २९० अश्वशक्ती होती. मूळ किंमत ३,८७५ डॉलर होती. समोर चार दिवे, जाळीत दातांसारख्या उभ्या क्रोमच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना दरवाजापर्यंत गेलेली खोलगट वळणे, असे तिचे रूप होते; त्यांपैकी चार दिवे आदल्या वर्षीच आले होते. १९५९ मध्ये बॉनेटवरच्या नुसत्या दिखाऊ खाचा आणि डिकीवरच्या दोन क्रोमपट्ट्या काढून टाकल्याने ते अधिक स्वच्छ झाले. मला स्वतःला त्या सगळ्या वर्षांत १९५९ चीच रेषा सर्वांत नितळ वाटते.

त्या वर्षी एकूण ९,६७० गाड्या बनल्या आणि प्रत्येकीला जे५९एस१००००१ पासून जे५९एस१०९६७० पर्यंतचा एक क्रमांक मिळाला. ‘जे’ म्हणजे कॉर्व्हेट, ‘५९’ हे वर्ष, ‘एस’ म्हणजे सेंट लुइस आणि पुढचे सहा आकडे अनुक्रमाचे. आज सगळ्यांना माहीत असलेला सतरा अक्षरी क्रमांक १९८१ च्या गाड्यांपासून सर्वत्र सारखा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत होती आणि त्या जुन्या क्रमांकात गाडीविषयी फार थोडी माहिती असे. इंजिन कोणते, रंग कोणता, गिअर किती, यांपैकी काहीही १९५९ च्या कॉर्व्हेटच्या क्रमांकावरून कळत नाही. तो केवळ एका गाडीला दुसरीपासून वेगळी ठरवतो.

हा क्रमांक धातूच्या एका लहान पाटीवर असे आणि ती पाटी चालकाच्या दरवाजाच्या बिजागऱ्या ज्या खांबाला असतात, त्या खांबावर बसवलेली असे. दरवाजा उघडला की दिसणारी आणि मिटला की झाकली जाणारी अशी ही जागा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओळखक्रमांक पुढच्या काचेतून बाहेरून वाचता येईल अशा ठिकाणी लावण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. १९५९ च्या कॉर्व्हेटमध्ये तो शोधायला दरवाजा उघडून वाकावे लागे. तोच क्रमांक चॅसीच्या पोलादी पट्टीवर वरच्या अंगालाही ठोकलेला असतो, पण फायबरग्लासची बॉडी एकदा चॅसीवर बसली की तो तिच्याखाली झाकला जातो.

पाटी का निघते

हा प्रश्न रंगाऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. गाडी वरवर रंगवायची असेल तर पाटीच्या कडेने चिकटपट्टी लावून बाकीचा खांब रंगवता येतो. पण त्या पद्धतीत पाटीच्या चारही कडांना रंगाचा बारीक उंचवटा राहतो, पाटीखाली जुन्या रंगाचा चौकोन तसाच उरतो, आणि त्या दोहोंच्या फटीत ओल धरली की काही वर्षांत तिथला रंग फुगू लागतो. बोट फिरवले तरी तो उंचवटा लागतो. गाडी पूर्णपणे सुटी करून, म्हणजे बॉडी चॅसीवरून उचलून, जुना रंग पार खरवडून पूर्ववत करणारा कारागीर असे काम हातून जाऊ देणार नाही. तो पाटी काढतो, खांब साफ करतो, अस्तराचा आणि वरचा रंग देतो, रंग वाळल्यावर पाटी जागेवर बसवतो. पाटीची जुनी बांधणी, म्हणजे तिला धरून ठेवणारे स्क्रू, काढताना त्यांची डोकी झिजलेली असतात किंवा तुटतात, त्यामुळे तो हाताशी असलेले नवे लावतो आणि पुढच्या कामाकडे वळतो.

यात फसवणुकीचा लवलेशही नाही. उलट, जो रंगारी कंटाळा करून चिकटपट्टी लावतो त्याची गाडी तपासणीतून सुखरूप बाहेर पडण्याचा संभव अधिक, आणि जो नीट काम करतो त्याचीच गाडी संशयात सापडते. गाड्या पूर्ववत करणाऱ्यांच्या जगात ही गोष्ट वर्षानुवर्षे सगळ्यांना ठाऊक होती. कॉर्व्हेटच्या बाबतीत तर नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही १९७४ मध्ये स्थापन झालेली संस्था गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी ती आहे का, हे भाग-भाग तपासून गुण देते, आणि गुणांसाठी धडपडणारे लोक एकेका स्क्रूचे डोके कोणत्या घडणीचे हवे यावर तासन्‌तास चर्चा करतात. इतकी दक्षता बाळगणाऱ्या या वर्तुळातही पाटी काढण्यापूर्वी तिचा एक फोटो काढून ठेवण्याची सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली नव्हती.

कायद्याची बाजू

कॅन्ससच्या पोलिसांवर राग काढणे सोपे आहे, पण त्यांचा संशय निराधार नव्हता हे मान्य केले पाहिजे. ओळखपाटीची अदलाबदल ही गाडीचोरांची जुनी युक्ती आहे. अपघातात चेंदामेंदा झालेली किंवा जळालेली गाडी मालकीच्या कागदांसह स्वस्तात घ्यायची, तिची पाटी काढायची, त्याच वर्षाची आणि त्याच बनावटीची गाडी चोरायची आणि तिच्यावर ती पाटी ठोकून जुन्या कागदांवर विकून टाकायची. जुनी कॉर्व्हेट या कामाला फारच सोयीची असते. तिची बॉडी चॅसीपासून वेगळी होते, पाटी लहान असते, दुसरा क्रमांक सहजी दिसत नाही आणि किंमत मात्र भरपूर येते. परराज्यातून आलेल्या गाडीची नोंदणीपूर्वी समक्ष तपासणी करण्याची कॅन्ससची पद्धत याच कारणासाठी आहे.

आपल्याकडेही आरटीओत गाडी नावावर करताना किंवा परराज्यातून आणताना चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतात, तो ज्यांनी स्वतः काढला असेल त्यांना या तपासणीमागचा हेतू वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे तो आकडा बहुतेक वेळा चॅसीच्या धातूतच ठोकलेला असतो. रंगाऱ्याने सोडवून बाजूला ठेवावी अशी पाटी असली, की संशयाची शक्यता तिथूनच सुरू होते.

दोष होता तो कॅन्ससच्या कायद्याच्या कलम ८-११६ च्या रचनेत. ज्या गाडीचा ओळखक्रमांक काढलेला, खोडलेला किंवा बदललेला आहे ती जप्त करावी, तिला निषिद्ध मालासारखे मानावे आणि नष्ट करावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. चोरीच्या हेतूने काढलेली पाटी आणि रंगासाठी काढून पुन्हा त्याच गाडीवर बसवलेली पाटी, यांत त्याने फरक केला नव्हता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९८४ पासून हा फरक होता. दुरुस्तीसाठी क्रमांक काढणे वाजवी कारणाने आवश्यक असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला त्यात सूट दिलेली आहे. म्हणजे जे काम देशाच्या पातळीवर गुन्हा नव्हते, त्याच कामामुळे या एका राज्यात गाडीचा चुराडा होणार होता. मालकाविरुद्ध कोणताही गुन्हा नव्हता आणि पाटी त्यांनी काढली असे सरकारचेही म्हणणे नव्हते. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते यापेक्षा वेगळे नसावे.

न्यायालय आणि विधिमंडळ

मालकाने गाडी परत मिळवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. वर्षे जात राहिली आणि गाडी सरकारी ताब्यातच राहिली. हा काळ केवळ कागदावरचा नसतो. फायबरग्लास गंजत नाही, पण उभ्या ठेवलेल्या जुन्या गाडीचे पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटरमध्ये राळ धरते, ब्रेकची सिलिंडरे अडकतात, टायर एका जागी चपटतात आणि बॉडीच्या आतल्या पोलादी भागांना दमट हवेत गंज चढू लागतो. ५०,००० डॉलरची गाडी चालवल्याशिवाय पाच-सहा वर्षे उभी ठेवणे म्हणजे तिच्या पूर्ववत करण्याच्या कामाचा बराचसा भाग पुन्हा करायला लावणे.

कॅन्सस जस्टिस इन्स्टिट्यूट या संस्थेने या खटल्यात मालकाच्या बाजूने न्यायालयापुढे निवेदन सादर केले. निर्दोष मालकाची मालमत्ता अशा रीतीने काढून घेऊन नष्ट करणे राज्यघटनेला धरून नाही, असा त्यातील मुख्य मुद्दा होता. प्रकरणाची चर्चा राज्याबाहेरही झाली आणि अखेर वाट निघाली ती विधिमंडळातून. जुनी गाडी दुरुस्त करताना किंवा पूर्ववत करताना पाटी काढून पुन्हा बसवणे आवश्यक असेल तर ते बेकायदा ठरू नये, अशी दुरुस्ती हाउस बिल २५९४ या विधेयकाद्वारे करण्यात आली आणि गव्हर्नर लॉरा केली यांनी मार्च २०२२ मध्ये तिच्यावर सही केली. त्यानंतरही गाडी मालकाच्या दारात यायला पुढचे वर्ष लागले.

एका माणसाच्या एका गाडीसाठी राज्याचा कायदा बदलला, याचे कौतुक जरूर करावे. पण गाडीच्या विक्रीकडे पाहणाऱ्याने त्यावर समाधान मानून थांबू नये, असे मला वाटते. अमेरिकेत गाडीची नोंदणी हा राज्याचा विषय आहे. गाडी एका राज्यात विकली जाते, दुसऱ्या राज्यात नोंदवली जाते आणि दोन्ही ठिकाणचे नियम व तपासणीचा कडकपणा सारखे असतीलच असे नाही. इंडियानात जे कागद पुरेसे ठरले ते कॅन्ससमध्ये पुरले नाहीत, ही या प्रकरणाची खरी गाठ आहे, आणि ती कॅन्ससने कायदा बदलल्याने फक्त कॅन्ससपुरती सुटली.

विक्रीच्या व्यवहारात काय राहून गेले

पूर्ववत केलेल्या गाडीच्या जाहिरातीत काय असते ते पाहिले तर रंगाचे नाव, इंजिनाचा आकार, गिअर, आतले चामडे, नवा टप, कुठे मिळालेले पारितोषिक आणि भरपूर फोटो असतात. दरवाजा उघडून खांबाचा फोटो क्वचितच दिलेला असतो, आणि दिलाच तर पाटीवरचे आकडे झाकून. ‘सगळे नंबर जुळतात’ असे मात्र आवर्जून लिहिलेले असते. या वाक्याचा अर्थ जुन्या गाड्यांच्या बाजारात सहसा एवढाच असतो, की इंजिनाच्या ब्लॉकवरचे आणि इतर भागांवरचे आकडे व तारखा त्या गाडीच्या बांधणीशी सुसंगत आहेत. पाटी मुळात कशी बसवलेली होती आणि आज कशी आहे, याबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही. खरेदीदार मात्र ते वाचून निश्चिंत होतो, कारण नंबर जुळतात म्हटल्यावर आणखी काय तपासायचे, असे त्याला वाटते.

मी या व्यवहारात विक्रेत्याची जबाबदारी अधिक मानतो. ज्याच्या हाती गाडीची फाइल असते त्यालाच पाटीचा इतिहास कळण्याची संधी असते. पूर्ववत करण्याचे काम ज्याने केले त्याने पाटी काढण्यापूर्वी जुन्या रंगासकट खांबाचा फोटो, दोन्ही टोकांची बांधणी दिसेल असा जवळचा फोटो, पाटी निघाल्यावरच्या मोकळ्या खांबाचा फोटो आणि पुन्हा बसवल्यानंतरचा फोटो, असे चार फोटो तारखेसह ठेवले तर त्यात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही. निघालेले जुने स्क्रू फेकून न देता लहान पाकिटात घालून, त्यावर चिठ्ठी चिकटवून फाइलमध्ये ठेवावेत. बॉडी चॅसीवरून उचललेली असताना चॅसीवरचा ठोकलेला क्रमांक स्वच्छ करून त्याचा फोटो घेणे तर सर्वांत महत्त्वाचे, कारण बॉडी परत बसल्यावर ती संधी पुन्हा अनेक वर्षे येत नाही. पाटीवरचा आणि चॅसीवरचा आकडा एकच आहे हे दाखवणारा एक फोटो समोर असेल, तर पाटी निघाली होती का, हा प्रश्न उरला तरी गाडी तीच आहे का, हा प्रश्न उरत नाही. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते.

हे सगळे असूनही ते गाडीबरोबर खरेदीदाराच्या हाती गेले नाही तर त्याचा उपयोग नाही. जुन्या गाड्या अनेक हात फिरतात. कारागिराकडून पहिल्या मालकाला, त्याच्याकडून लिलावात, तिथून विक्रेत्याकडे आणि मग नव्या मालकाकडे असा प्रवास होतो, आणि दर टप्प्यावर फाइलमधली काही पाने गळतात. बिले राहतात, कारण ती खर्च दाखवून किंमत वाढवतात. पाटीचा फोटो कुणाला किमतीचा वाटत नाही, म्हणून तो मागे राहतो. या कॉर्व्हेटच्या प्रकरणानंतर तरी त्या फोटोची किंमत सगळ्या बिलांपेक्षा जास्त धरली पाहिजे.

भारतात या प्रश्नाचा आकार थोडा वेगळा आहे, तरी त्याचा धागा तोच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या संग्राहकांमध्ये अमेरिकी गाड्यांची हौस जुनी आहे, आणि पूर्ववत करताना काय बदलले, काय मूळचे राखले, हे कागदावर दाखवता येणे त्यांच्याही दृष्टीने तितकेच गरजेचे आहे.

अमेरिकेत राहून अशी गाडी घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाने पैसे देण्यापूर्वी एवढे करावे. विक्रेत्याकडे पाटी कधी निघाली होती का, हे लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. दरवाजा उघडून खांब स्वतः पाहावा. पाटीच्या कडेला रंग कसा बसला आहे, बांधणी दोन्ही टोकांना एकसारखी आणि त्या काळाची आहे का, हे बघावे, आणि स्वतःला कळत नसेल तर त्याच वर्षांच्या गाड्या ओळखणाऱ्या जाणकाराला बरोबर न्यावे. आपल्या राज्यात तपासणी कोण करते, जुन्या गाडीची निघालेली पाटी तिथल्या कायद्यात कशी धरतात, हे त्या कार्यालयात आधी जाऊन विचारावे. गाडी परराज्यातून येणार असेल तर करारात एक अट घालून घ्यावी, की ओळखक्रमांकाच्या कारणावरून नोंदणी नाकारली गेली किंवा गाडी जप्त झाली तर विक्रेता पूर्ण रक्कम परत करील, आणि शक्य असल्यास रक्कम नोंदणी पूर्ण होईपर्यंत तिसऱ्या व्यक्तीच्या हाती ठेवावी. एवढी अट मान्य करायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्या गाडीचा रंग कितीही सुंदर असला तरी तिथून परत फिरावे.